पावसात रेडिओचा आवाज का बसतो? दोष आभाळाचा की केबलचा?

जून महिना. बाहेर धो-धो पाऊस आणि घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर. अचानक चित्राचे चौकोन-चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. अम्मी म्हणते, "पाऊस आला ना, आता कसला टीव्ही!" सर उतरली की चित्र परत येतं. त्यामुळे पाऊस म्हणजे सिग्नल जाणारच, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

हॅम रेडिओ वापरणारे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे आपले भाऊबंदही पावसाळ्यात हेच म्हणतात. मे महिन्यात स्पष्ट ऐकू येणारं स्टेशन जुलैत खरखरायला लागलं की उत्तर तयार असतं, "पाऊस आहे, चालायचंच." पण ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. दोष आभाळाचा नसतो, गच्चीवरून खाली आलेल्या केबलचा असतो. आणि हा गैरसमज ऐन संकटात महाग पडू शकतो.

संकटात शेवटचा आधार

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, पलीकडे मंडणगड-दापोली या भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल टॉवर बंद पडले. दुबई-कुवेतला असलेली मुलं घरी फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. छप्पर उडालं की राहिलं, अब्बा-अम्मी कसे आहेत, काही कळायला मार्ग नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतही कित्येक घरांनी अशीच रात्र काढली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही तेच.

अशा वेळी हॅम रेडिओ उपयोगी पडतो. त्याला टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एक रेडिओ, एक बॅटरी, एक अँटेना आणि या दोघांना जोडणारी केबल, एवढ्यावर काम चालतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम ऑपरेटरांचं पथक योगायोगाने आधीच पोचलेलं होतं. बाकी संपर्क तुटले तेव्हा तिथल्या माणसांची खुशाली त्यांनी रेडिओवरून मुख्य भूमीवर कळवली.

पण बघा, आपल्याकडे मोबाइल बंद पडतो कधी? वादळात, पुरात, मुसळधार पावसात. म्हणजे हॅम रेडिओची सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच दिवशी लागते, ज्या दिवशी त्याची केबल सगळ्यात जास्त भिजलेली असते.

आभाळातला पाऊस किती अडवतो?

टीव्हीची छत्री आणि हॅम रेडिओ दोन्ही लहरींवरच चालतात, पण त्या लहरींच्या लांबीत मोठा फरक आहे. डीटीएचच्या लहरी साधारण ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात. त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. पावसाचा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा. एवढ्या बारीक लहरीसमोर असे लाखो थेंब आले की ते तिची शक्ती शोषतात, विखुरतात. म्हणून जोराच्या सरीत चित्र खरोखरच आभाळामुळे जातं.

हॅम मंडळी जास्त करून ७ मेगाहर्ट्झ, १४ मेगाहर्ट्झ किंवा १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४० मीटर लांब, १४५ मेगाहर्ट्झची सुमारे २ मीटर. त्यांना दोन मिलिमीटरचा थेंब म्हणजे काहीच नाही. कितीही पाऊस कोसळू दे, हवेतल्या थेंबांनी या सिग्नलचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही.

मग सिग्नल जातो कुठे? रेडिओ ते अँटेना या वाटेत. या केबलला फीडलाइन म्हणतात.

आधी हिशेब समजून घेऊ

केबलमधली घट डेसिबलमध्ये मोजतात. चार आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. १ डेसिबल घट म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा शक्ती गेली. ३ डेसिबल म्हणजे अर्धी. ६ डेसिबल म्हणजे पाऊण गेली, पाव राहिली. १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्साच हातात राहिला.

नवी कोरी, कोरडी केबलसुद्धा थोडी शक्ती खातेच. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ ही बारीक केबल ३० मीटरला ५ ते ६ डेसिबल खाते. जाडसर आरजी-२१३ अडीच ते पावणेतीन डेसिबल, तर एलएमआर-४०० सुमारे दीड. ७ मेगाहर्ट्झवर तीच आरजी-५८ जेमतेम एक-सव्वा डेसिबल घेते. फ्रीक्वेन्सी वाढली की घट वाढते, हा साधा नियम.

म्हणजे २५ वॉटचा रेडिओ आणि ३० मीटर आरजी-५८ असेल, तर अँटेनापर्यंत सहा-सात वॉटच पोचतात. त्यात पाणी शिरून आणखी ३ डेसिबल गेले, तर उरले तीन. समोरून येणारा आवाजही त्याच केबलमधून येतो, तोही तितकाच दुबळा होतो. मग पुरात अडकलेल्या माणसाचा हातातल्या सेटवरचा क्षीण आवाज ऐकू येईल कसा?

दोन तारांची शिडी: भिजते, पण सुकते

फीडलाइन मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली म्हणजे समांतर दोन तारांची. काहींमध्ये दोन उघड्या तारा आणि मध्ये ठरावीक अंतरावर प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या काड्या असतात, अगदी शिडीसारख्या. काहींमध्ये दोन तारांच्या मध्ये सलग प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तिला खिडक्या पाडलेल्या असतात.

कोरड्या हवेत ही लाइन फार काटकसरी असते. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटरला घट इतकी कमी की विसरून जावं. पण तिची सगळी ऊर्जा दोन तारांच्या मधल्या आणि भोवतालच्या मोकळ्या जागेतून वाहते. तिथे पाणी आलं की गणित बिघडतं. विद्युत क्षेत्र साठवून ठेवायच्या बाबतीत हवेला १ धरलं, तर पॉलिथिन सव्वादोनच्या आसपास आणि पाणी ८० च्या आसपास. पट्टीवर पाण्याचा नुसता पातळ थर बसला तरी लाइनचा इम्पिडन्स खाली येतो, लहरीचा वेग मंदावतो आणि घट कोरडीपेक्षा कित्येक पट होऊ शकते. ट्यूनर दुपारी व्यवस्थित लावलेला असतो, सर आली की तो पुन्हा फिरवावा लागतो, त्याचं कारण हेच.

इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे पट्टीचं वय. नव्या, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाणी थेंब-थेंब होऊन घरंगळतं. दोन-चार उन्हाळे खाल्लेलं प्लॅस्टिक खरखरीत होतं आणि त्यावर पाण्याचा सलग थर बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे मीठ आणि धूळ. किनाऱ्यावरच्या गावात खारा वारा वर्षभर लाइनवर मिठाचा थर चढवत असतो. पहिल्या सरीत ते मीठ विरघळतं आणि वीज वाहून नेणारं खारं पाणी तयार होतं. म्हणून पहिल्या पावसात त्रास जास्त जाणवतो. मे अखेरीस ओल्या फडक्याने लाइन पुसून घेतली तरी फरक पडतो. काड्यांच्या उघड्या लाइनला पावसाचा त्रास कमी, कारण तारांच्या मध्ये पाणी धरून ठेवायला पट्टीच नसते.

या प्रकाराची जमेची बाजू अशी की पाऊस थांबला, वारं लागलं, लाइन सुकली की सगळं पूर्ववत. ती भिजते, पण सुकतेसुद्धा.

कोॲक्स: भिजत नाही, पण एकदा भिजली की संपली

दुसरा प्रकार सगळ्यांना ओळखीचा आहे. टीव्हीच्या छत्रीला असते तशी गोल कोॲक्स केबल. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची जाळी आणि वरून काळं आवरण. इथे सगळी ऊर्जा जाळीच्या आत, पांढऱ्या प्लॅस्टिकमधून जाते. त्यामुळे बाहेरून कितीही पाऊस पडला तरी चांगल्या कोॲक्सला काहीच होत नाही. ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली तरी चालते.

पण केव्हा? आवरण शाबूत आणि दोन्ही टोकं बंद असतील तेव्हा. अडचण नेहमी टोकाला असते. पीएल-२५९ हा सर्रास वापरला जाणारा कनेक्टर मुळातच पाणीरोधक नाही. अँटेनाजवळ, उंचावर, त्याच्या आट्यांमधून पाणी झिरपतं. जाळी म्हणजे बारीक तारांची वीण. दिव्याची वात जसं तेल ओढते, तशी ती पाणी ओढत राहते आणि ते केबलमध्ये कित्येक फूट आत जातं. दुसरी वाट म्हणजे आवरणावरची जखम. कुठे बांधायच्या तारेने ते कापलेलं असतं, कुठे उंदराने कुरतडलेलं, कुठे माकडांनी ओढलेलं, कुठे उन्हाने तडकलेलं.

आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. जाळी आधी काळपटते, मग हिरवट होते. उच्च फ्रीक्वेन्सीचा प्रवाह धातूच्या अगदी वरच्या पातळ थरातूनच वाहतो, आणि गंज नेमका तोच थर खातो. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं तरी गंजलेलं तांबं पुन्हा लखलखीत होत नाही. ती घट कायमची.

यातून घरच्या घरी वापरता येईल असा एक सोपा नियम निघतो. पाऊस थांबल्यावर सिग्नल थोड्या वेळात सुधारला, तर भिजणं वरवरचं होतं. ऊन पडूनही सुधारला नाही, तर पाणी आत गेलंय. हाच नियम टीव्हीच्या छत्रीलाही लावा. फक्त मोठ्या सरीत चित्र जाऊन परत येत असेल तर दोष आभाळाचा. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी चित्र तुटत असेल, तर छत्रीजवळचा कनेक्टर काढून बघा. त्या केबलमधून छत्रीकडे १३ ते १८ व्होल्टची वीजही जाते. वीज आणि पाणी एकत्र आलं की मधली तार फार लवकर खाल्ली जाते.

चांगला दिसणारा आकडा फसवतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॅम मंडळींचा भरवसा असतो एसडब्ल्यूआर मीटरवर. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत आली, यावरून तो आकडा देतो. १ म्हणजे काहीच परत आलं नाही, झकास. ३ म्हणजे गडबड.

पण केबल खराब झाली की मीटरचा आकडा *सुधारतो*. विचित्र वाटतं ना? हिशेब करून बघू. समजा अँटेनावर बिघाड आहे आणि तिथला खरा एसडब्ल्यूआर ३ आहे. म्हणजे पोचलेल्या शक्तीतली पाव शक्ती परत फिरते. केबलची घट ६ डेसिबल. जाताना शक्ती पाव झाली, अँटेनावरून त्याची पाव परत फिरली, येताना पुन्हा पाव झाली. मीटरपर्यंत परत पोचला फक्त चौसष्टावा हिस्सा. मीटर सांगतो १.३, आणि आपण खूश.

परत येणारी शक्ती अँटेनाने हवेत सोडली म्हणून कमी झालेली नसते, तर केबलने वाटेतच खाल्लेली असते. म्हणून पावसाळ्यात काहीही न करता एसडब्ल्यूआर अचानक छान दिसायला लागला, तर आनंद मानू नका. केबलवर संशय घ्या.

तपासायचं कसं?

१. अँटेनाकडचं टोक सोडवा. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांच्यामधला रोध मोजा. दोन्ही टोकं मोकळी असताना मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही किलोओहम किंवा मेगाओहम दिसले, तर आत ओल आहे. मात्र मल्टिमीटरने ‘ठीक’ म्हटलं तरी निश्चिंत राहू नका. गंजलेली जाळी या चाचणीत पकडली जात नाही.

२. अँटेनाकडच्या टोकाला मधली तार आणि जाळी एकमेकांना जोडा, आणि रेडिओकडच्या टोकाला अँटेना ॲनालायझर लावा. आता पाठवलेली सगळी शक्ती परतच यायला हवी, म्हणजे एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसला पाहिजे. इथे मोठा आकडा चांगला! ९ दिसला तर केबलची एकेरी घट साधारण १ डेसिबल. ३ दिसला तर ३ डेसिबल, म्हणजे अर्धी शक्ती केबलच खातेय. केबलच्या लांबीला आणि प्रकाराला जेवढी घट अपेक्षित आहे, तिच्याशी ताडून बघा. ही चाचणी थेट रेडिओ जोडून करू नका, रेडिओला इजा होईल.

३. कनेक्टरजवळ आवरण दोन इंच कापा. जाळी तांबूस, चमकदार असेल तर उत्तम. काळी किंवा हिरवी असेल तर चांगला धातू लागेपर्यंत कापत जा. तीन-चार फूट कापूनही काळंच दिसत असेल, तर केबल बदला.

४. एक वही ठेवा. मे महिन्यातले कोरडे आकडे लिहून ठेवा, जुलैत पुन्हा मोजा. तुलना करायला जुना आकडाच नसेल, तर बिघाड कळणार कसा?

आगोटच्या यादीत एक काम जास्त

कोकणात पाऊस यायच्या आधी आगोटची कामं असतात. कौलं शाकारायची, लाकूडफाटा भरायचा, सुकी मासळी, मसाला, पापड डब्यात बंद करायचे. ज्या घरात रेडिओ आहे, तिथे यादीत केबलही लिहा.

वरच्या कनेक्टरवर आधी ताणली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा. दुकानात तिला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप म्हणतात. ती *खालून वर* गुंडाळायची. कौलं जशी वरचं खालच्यावर चढवतो, तसंच. मग पाणी जोडात न शिरता घरंगळून जातं. त्यावरून उन्हापासून बचाव म्हणून काळी विनायल टेप. नुसत्या विनायल टेपवर राहू नका, उन्हात तिचा गोंद वितळतो आणि ती सुटते. सिलिकॉन लावायचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचा मागा.

केबल घरात शिरते तिथे भिंतीबाहेर खालच्या बाजूला एक वळसा सोडा. केबलवरून ओघळणारं पाणी त्या वळशाच्या तळातून ठिबकून जाईल, भिंतीत येणार नाही. भिंतीचं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा. अँटेनाजवळ डबी असेल तर तिच्या तळाला बारीक छिद्र राहू द्या. पूर्ण बंद डबीत दवाचं पाणी साचतं आणि तिथेच राहतं. केबल बांधायला धातूची तार वापरू नका. शक्य असेल तर गच्चीवर एन प्रकारचा कनेक्टर वापरा, तो पाणी बराच अडवतो.

ज्यांच्या घरात मासेमारीची बोट आहे, त्यांनाही हे सगळं लागू आहे. बोटीवरचा व्हीएचएफ सेट १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि मदतीची हाक १६ नंबरच्या चॅनलवर द्यायची असते. तिथे केबल नुसती भिजत नाही, खाऱ्या पाण्यात भिजते. ऑगस्टमध्ये बोट पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी डोलकाठीवरचा तो जोड एकदा उघडून बघा.

आणि जिवाची काळजी

हे सगळं मेमध्ये, कोरड्या दिवसात करायचं. पाऊस सुरू झाल्यावर शेवाळलेल्या कौलांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढू नका. विजेच्या तारांजवळ अँटेना उभारू नका. वादळाची चिन्हं दिसली की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा, आणि एकदा गडगडाट ऐकू आला की तिला हात न लावता लांब राहा. चाचा कितीही अनुभवी असले तरी हा नियम त्यांनाही लागू आहे.

हॅम रेडिओवर बोलायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा असते आणि वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की मुलं-मुलीही ती देऊ शकतात. आपल्या मोहल्ल्यात एखाद्याकडे परवाना असेल, तर या सुट्टीत मुलांना त्यांच्या गच्चीवर घेऊन जा. टेप गुंडाळायला, वहीत आकडे लिहायला हाताशी माणूस लागतोच. उद्या पुन्हा एखादं वादळ आलं आणि मोबाइल मुके झाले, तर गावाची खुशाली बाहेर पोचणार त्याच केबलमधून.